मृत्युपत्राचे कथन : ओपेथचा २०२४ मधील अल्बम
स्वीडनच्या ओपेथ या प्रोग्रेसिव्ह मेटल वाद्यवृंदाच्या ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ (२०२४) मध्ये मिकाएल ऑकरफेल्ड यांचा ‘ग्राउल’, म्हणजे घोगरा गर्जनास्वर, २००८ नंतरच्या स्टुडिओ-अल्बमांत प्रथमच ऐकू येतो. त्याकडे निव्वळ जुन्या शैलीचे पुनरागमन म्हणून पाहणे अपुरे होय. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात एका धनाढ्य कुटुंबप्रमुखाचे मृत्युपत्र वाचले जाते. पहिल्या सात गीतांना शीर्षके नाहीत, केवळ परिच्छेदांक आहेत. अपत्यांचे औरसत्व नाकारणाऱ्या मृताच्या अधिकारवाणीला हा स्वर शरीर देतो. इयान अँडरसन यांचे निवेदन मात्र क्वचित अतिस्पष्ट होते. शीर्षक लाभलेल्या एकमेव, अखेरच्या गीतात गर्जना नाही. दस्तऐवजाने वारस ठरविलेली मुलगीही त्याची नव्हती, हे तेथे एका पत्रातून उघड होते.