मावशींचं अर्धं वाक्य

"अंगावर पाजतेस ना, मग दिवस राहत नाहीत." ब्रॅकनेलला बाळ बघायला आलेल्या एखाद्या मावशींकडून हे तुम्हीही ऐकलं असेल. ते भाबडं म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. बाळ चोखतं तेव्हा मेंदूकडून बीजकोशांना जाणारे इशारे मंदावतात, बीज सुटत नाही. कोनर आणि वर्थमन यांनी १९८० साली कलहारीतल्या कुंग बायकांबद्दल हेच लिहिलं: मुलं तासात कितीतरी वेळा पितात, दोन बाळंतपणांत सुमारे ४४ महिने जातात.

खोट आहे ती अटी गाळण्यात. १९८८च्या बेलाजिओ बैठकीने त्या मांडल्या. बाळ ६ महिन्यांच्या आतलं, पाळी परतलेली नाही, पोट जवळजवळ पूर्णपणे आईच्याच दुधावर. तिन्ही पाळल्या तर ९८ टक्के संरक्षण. एक निसटली की भरवसा संपला. आजीचं बाळ रात्रभर कुशीत प्यायचं. आपलं पाळण्यात वेगळं झोपतं, "रात्रभर उठत नाही हो" म्हणून आपण वर कौतुकही करतो! कामावरची आई पंपाने दूध काढते. त्याने चोखण्याइतकाच परिणाम होईल याची खात्री नसते.

आणि पाळीची वाट पाहणं तर फारच फसवं. बीज आधी सुटतं, पाळी मागून येते. "अजून पाळीच नाही" म्हणून निर्धास्त असलेल्या बाईला दिवस गेलेले असू शकतात.