समासाला वाचक हवा

(इतिहासाचे शिक्षक आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

विषय तुम्हाला जरा किरकोळ वाटेल. हायस्कूलमधल्या मुलानं इतिहासाचा धडा वाचताना पुस्तकाच्या समासात, म्हणजे कडेला सोडलेल्या कोऱ्या जागेत, काय लिहावं? मुळात लिहावं का? आणि लिहिलंच, तर आपण शिक्षकांनी त्याचं काय करावं? तासभर बोलण्यासारखं यात काय आहे, असं सुरुवातीला मलाही वाटलं होतं. पण जुन्या वह्या आठवत गेलो, तसं लक्षात आलं की माझ्या नोकरीतली एक मोठी चूक याच कोऱ्या जागेत झाली होती. ती मी आज सांगणार आहे. त्याआधी थोडी अलीकडची गोष्ट.

२०२३-२४ या वर्षी आपल्या राज्यात आठवीपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांत कोरी पानं घातली गेली, हे तुम्हाला आठवत असेल. पुस्तकाचे भाग पाडले आणि धड्यांनंतर वहीसारखी रेघांची पानं जोडली. वर शीर्षक होतं ‘माझी नोंद’. हेतू दप्तराचं ओझं कमी करण्याचा होता. २०२५ च्या जानेवारीत ही योजना थांबली. मुलं पुस्तकही आणत होती आणि वेगळी वहीही आणत होती, त्यामुळे ओझं काही हललं नाही. या निर्णयावर वर्तमानपत्रांतून जी चर्चा झाली ती वजनाची, कागदाची, खर्चाची. ‘माझी नोंद’ या दोन शब्दांकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. ‘माझी’ म्हणजे कुणाची? आणि ‘नोंद’ म्हणजे नेमकं काय? वर्गात काय झालं असेल, ते तुम्हीही ओळखाल. बाईंनी फळ्यावर उत्तर लिहिलं आणि साठ मुलांनी ‘माझी नोंद’ या शीर्षकाखाली तेच उत्तर उतरवून घेतलं. कोरी जागा मिळाली म्हणून नोंद होत नाही, हा पहिला मुद्दा.

आता माझी चूक. मी आठवीला इतिहास शिकवायचो. इंग्रजी सत्तेचे परिणाम हा भाग चालला होता. माझ्या टाचणात एक वाक्य होतं, ते मी दरवर्षी सांगायचो : रेल्वे आली आणि व्यापार वाढला. मुलं ते लिहून घ्यायची. वर्षअखेरीला वह्या तपासून परत देत होतो, तेव्हा एक मुलगा सहज म्हणाला, “सर, तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही.” मी म्हटलं, कुठला प्रश्न? त्यानं वही उघडून दाखवली. त्या वाक्याच्या कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, “कुणाचा?” बस, एवढंच. आणि त्याच्याखाली लाल शाईत माझी सही. सहीशेजारी शब्द : “पाहिले.” तारीखसुद्धा घातलेली.

मंडळी, मी ते पाहिलं नव्हतं. साठ वह्या, एक ऑफ तास, हातात लाल पेन. अक्षर आहे का, पानं भरलीत का, एवढं पाहून सही ठोकली होती. त्यानंतरची त्याची वही मी चाळली. त्या ‘कुणाचा?’नंतर समासात एक अक्षर नव्हतं. उत्तरं स्वच्छ, गाईडमधून उतरवलेली. मी त्याला वर्षभर चांगले गुण दिले होते.

त्या प्रश्नात काय होतं, ते बघा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे आपण सगळे सांगतो. पण रेल्वेत पैसे घालणाऱ्या विलायतेतल्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी दिलेली होती, हे किती वर्गांत येतं? कमाई कमी पडली, तर ती भर हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे इथल्या रयतेनं भरलेल्या पैशातून पडायची. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला, तेव्हा विलायतेच्या गिरण्यांसाठी इकडच्या कापसाला एकदम भाव आला. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निःसारणाचा हिशोब मांडला, तो या सगळ्याच्या पोटातून निघालेला आहे. म्हणजे पुढे तीन तास पुरेल एवढा इतिहास त्या एका शब्दात होता. मुलानं दार उघडून धरलं होतं. मी त्यावर सही करून निघून गेलो.

आता आपल्या वर्गांत पुस्तकावर खुणा होत नाहीत का? भरपूर होतात. जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन दहावीचं इतिहासाचं कुठलंही पुस्तक उघडा. “इथून इथपर्यंत” असा कंस, कडेला “आयएमपी”, दोन चांदण्या, “मार्च” आणि साल. या खुणा मुलानं केलेल्या असतात, पण त्या त्याच्या नसतात. सर म्हणाले, “खुणा करा रे,” आणि सगळ्यांनी एकाच ओळीखाली रेघ मारली. ती रेघ सांगते, परीक्षेत हे येईल. वाचताना मुलाला काय वाटलं, हे ती सांगत नाही. तिचं तोंड प्रश्नपत्रिकेकडे आहे. पुस्तकाकडे तिनं पाठ फिरवलेली आहे.

आपल्या भाषेचीही इथे गंमत आहे. ‘टिपणे’ हा क्रियापद किती छान आहे! पाखरू दाणे टिपतं. समोर पसरलेल्यातून हवा तो दाणा निवडून चोचीत घेतं. आणि टिपकागदही टिपतो. पण तो निवडत नाही, जी शाई समोर येईल ती शोषून घेतो, तीही उलटी. आपल्या प्रश्नपत्रिकेत ‘टिपा लिहा’ असा प्रश्न असतो. ती टीप म्हणजे पाठ केलेल्या आठ ओळी. ज्या शब्दात निवड होती, तो शब्द आपण टिपकागदाच्या कामाला लावला. (हशा) हसू नका, त्या आठ ओळी तपासणारे आपणच आहोत.

इतिहासाच्या बाबतीत हे जास्त का बोचतं, ते सांगतो. सॅम वाइनबर्ग नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं एक प्रयोग केला. तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. आठ इतिहासकार आणि हायस्कूलमधले आठ हुशार विद्यार्थी निवडले. १७७५ मधली लेक्सिंग्टनची लढाई, म्हणजे अमेरिकन क्रांतीची पहिली चकमक, तिच्याविषयीचे कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि सांगितलं, वाचताना मनात येईल ते मोठ्यानं बोला. इतिहासकारांची नजर आधी कुठे गेली? कागद कुणी लिहिला, कधी, कशासाठी, या माहितीकडे. त्यांतल्या काहींचा तर तो विषयही नव्हता. मुलांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ वाचलं. लेखकाचं नाव त्यांच्या लेखी तपशिलातला एक तपशील होता. मुलांना माहिती कमी होती असा याचा अर्थ नाही. छापलेलं वाक्य कुणाच्या तरी तोंडून आलेलं असतं, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

आपल्या दहावीच्या पुस्तकाचे पहिले दोन धडे इतिहासलेखनावरच आहेत. २०१८ साली हे पुस्तक आलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. रांके आहे, मार्क्स आहे, मिशेल फुको आहे, आपल्याकडच्या बखरी आहेत, वसाहतवादी इतिहासलेखनावर टीका आहे. पण मुलं काय करतात? ‘आर्किऑलॉजी ऑफ नॉलेज’ कुणाचं, तर फुकोचं. आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, तर व्हॉल्तेअर. गाळलेली जागा भरली, एक गुण. ज्ञान आणि सत्ता यांचं नातं तपासत आयुष्य घालवलेला माणूस आम्ही रिकाम्या जागेत बसवला. त्या धड्यात ग्रँट डफवर टीका आहे, आणि मुलं ती टीकाही पाठ करतात. पुस्तक चांगलं असूनही हे होतं, म्हणून मी पुस्तकाला दोष देत नाही. वाचनाच्या सवयीला देतो.

डफचं नाव आलंच आहे, तर एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. साताऱ्यात कंपनी सरकारचा अधिकारी राहिलेल्या जेम्स ग्रँट डफनं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. काही वर्षांतच त्याचं मराठी भाषांतर झालं, ‘मराठ्यांची बखर’ या नावानं. शिकलेल्या मुलांनी आपल्याच मुलखाचा इतिहास अनेक वर्षं या साहेबाच्या पुस्तकातून वाचला. पुढे १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या पुण्यातल्या तरुणानं, विद्यार्थिदशेतच, या पुस्तकावर निबंध लिहिला आणि तो लोकांपुढे वाचला. डफनं साधनं कोणती पाहिली, त्यातून निष्कर्ष कसे काढले, यावर त्यानं बोट ठेवलं. समासातला ‘कशावरून?’ वाढून निबंध झाला, असं मी त्याकडे पाहतो. आणि त्याला ऐकणारे भेटले, वाद घालणारे भेटले. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक निघालं आणि जुनी कागदपत्रं, बखरी छापल्या जाऊ लागल्या. १८९८ मध्ये राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. हे सगळं एका निबंधामुळे झालं असं मी म्हणणार नाही, तो भाबडेपणा होईल. पण पाठ्यपुस्तकाला ‘कशावरून?’ विचारण्याची आपल्याकडे परंपरा आहे, आणि तिच्या सुरुवातीला एक विद्यार्थी उभा आहे, एवढं नक्की.

आता दुसऱ्या बाजूचा धोका. माझी नात एका मोठ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहे. तिथे धडा वाचून खुणा करणं हाच गृहपाठ असतो. मला वाटलं, वा! जवळ जाऊन पाहिलं. पिवळा रंग सनावळ्यांना, गुलाबी व्यक्तींना, हिरवा ठिकाणांना. आणि प्रत्येक पानावर निदान पाच टिपा हव्यातच. नात म्हणाली, “आजोबा, चार झाल्या, पाचवी काय लिहू?” मग तिनं लिहिलं, “इंटरेस्टिंग!” आणि पुस्तक मिटलं. (हशा) आपल्या ‘आयएमपी’त आणि या ‘इंटरेस्टिंग’मध्ये मला फरक दिसत नाही. एक परीक्षेसाठी, दुसरं मोजणीसाठी. प्रश्नांची मोजदाद सुरू झाली की मुलं संख्या पुरवतात. आपणही नोकरीत तेच करतो की! कॉलम रिकामा राहू नये म्हणून अहवाल भरतोच ना?

मग करायचं काय? मला जमलं तेवढंच सांगतो. त्या मुलाच्या वहीनंतर मी राहिलेल्या वर्षांत एक पद्धत धरली. आठवड्यातून एक पान, सगळा धडा नाही. पुस्तक धाकट्या भावंडाला द्यायचं असेल, तर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर पेन्सिल. पानावर एकच टीप, पण ती तीनपैकी एका प्रश्नातून आलेली हवी : हे कोण सांगतंय? कशावरून सांगतंय? यात कोण दिसत नाही? तिन्हींतला एकही सुचला नाही, तर पान कोरं ठेवायचं. कोऱ्या पानाला शिक्षा नाही. दुसऱ्या दिवशी तासाची पहिली सात-आठ मिनिटं मी तीन टिपा नाव न सांगता वाचून दाखवायचो, आणि त्यांतल्या एकीवरून धडा सुरू करायचो. गुण नाहीत, सही नाही.

एक शिस्त मात्र कडक. धड्याचं वाक्य आणि आपलं वाक्य एकमेकांत मिसळायचं नाही. एकनाथ महाराजांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, कारण नकला करता करता तीत पाठभेद शिरले होते. आणि पुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये, असंही त्यांनी बजावलं. ज्ञानेश्वरी स्वतः गीतेवरची टीका आहे, म्हणजे भाष्य करायला आपली परंपरा मोकळी आहे. पण भाष्य कुणाचं आणि मूळ कुणाचं, हे कळलं पाहिजे. आठवीच्या मुलाला इतिहासकाराची सवय लावायची असेल, तर ती इथून लागते.

तुम्ही म्हणाल, सर, साठ मुलं, चाळीस गुणांची पत्रिका, अभ्यासक्रम संपता संपत नाही. खरं आहे. साठ टिपा मीही रोज वाचू शकलो नाही. काही आठवडे हे सुटलंही. ‘यात कोण दिसत नाही?’ या प्रश्नामुळे एकदोनदा वर्गात आवाज चढले, एका पालकांची तक्रारही आली. पण तीन टिपा खरोखर वाचल्या जातात हे कळल्यावर उरलेली सत्तावन्न मुलं लिहीत राहिली. कारण आपली पाळी येईल, असं त्यांना वाटत होतं. समासाला वाचक आहे, एवढी खात्री मुलाला पुरते.

दुसरीकडे, वाचकच नाही हे एकदा कळलं की मूल फार लवकर शहाणं होतं. प्रश्न मनात ठेवतं, उत्तर गाईडमधून देतं आणि छापलेलं सगळं खरं मानायला, किंवा काहीच खरं न मानायला शिकतं. आज मोबाईलवर रोज इतिहासाच्या नावानं जे काही येऊन पडतं, ते वाचणारी मोठी माणसं याच दोन गटांत विभागलेली दिसतात. ती आपल्याच वर्गांतून गेलेली आहेत.

त्या मुलाला मी त्या दिवशी काय उत्तर दिलं, असं तुम्ही विचाराल. शाळेचा शेवटचा आठवडा होता. मी म्हटलं, “चांगला प्रश्न आहे, पुढच्या वर्षी सांगतो.” पुढच्या वर्षी नववीला दुसरे शिक्षक होते.

जूनमध्ये वर्ग सुरू होतील. पहिली वही हातात येईल तेव्हा लाल पेन क्षणभर बाजूला ठेवा आणि समासात काही लिहिलंय का, ते बघा.