सेवेतले शिक्षण की सेवेआडचे शिक्षण? : अंगणवाडी सेविकांच्या बालविकासविषयक प्रशिक्षणाची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाला उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग हे शब्द परिचयाचे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ मध्ये अकॅडमिक स्टाफ कॉलेजांची योजना सुरू केल्यापासून सेवांतर्गत शिक्षण हा आपल्या व्यवसायाचा भाग बनला. हे वर्ग पदोन्नतीशी जोडलेले असल्याने आपण ते पूर्ण करतो. त्यांमुळे आपल्या अध्यापनात काय बदलले, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला क्वचितच विचारतो. शिक्षणाच्या अगदी पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या अंगणवाडी सेविकेच्या बाबतीत हा प्रश्न विचारला, तर त्याचे गांभीर्य वाढते. तिच्यासमोरचे मूल तीन ते सहा वर्षांचे असते आणि आपल्याला कोणी चुकीचे ओळखले, हे ते सांगू शकत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सेविकांच्या प्रशिक्षणाविषयी जी तरतूद आहे, तिचे या दृष्टीने परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका : अंगणात घडलेले शिक्षण

महाराष्ट्राला या विषयात स्वतःची परंपरा आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहवासात घडलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. दोघींच्या हाती माँटेसरी पद्धतीचा वारसा होता. परंतु आदिवासी पाड्यावरचे मूल बालवाडीत येत नाही, हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी बिया, शंखशिंपले, पाने आणि माती ही साधने झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली.

हा इतिहास आपण सहसा त्यागाची आणि सेवेची कथा म्हणून सांगतो. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. येथे शिक्षिका स्वतः शिकत होत्या. मूल काय करते ते पाहणे, त्यावर आपसांत बोलणे, पद्धतीत बदल करणे आणि पुन्हा पाहणे असा तो क्रम होता. सिद्धान्त आधी होता, पण त्याची कसोटी समोरचे मूल होते. निरंतर शिक्षण या संज्ञेचा याहून नेमका अर्थ सांगणे कठीण आहे.

योजनेतील प्रशिक्षण

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण या सहा सेवा तिच्यात एकत्र आल्या. योजनेचा विस्तार पाहता ही कामगिरी मोठीच म्हणावी लागेल. परंतु एका सेविकेवर सहा सेवांचा भार पडला आणि त्यांपैकी मोजता येणाऱ्या सेवा पुढे गेल्या. वजन मोजता येते, आहाराच्या पाकिटांची नोंद करता येते. मुलाच्या कुतूहलाची नोंद कोणत्याही रजिस्टरात बसत नाही.

प्रशिक्षणाचेही तसेच झाले. सेवेत आल्यावर प्राथमिक प्रशिक्षण आणि पुढे ठरावीक काळाने काही दिवसांची उजळणी, असा त्याचा साचा राहिला. ज्ञान राज्यस्तरावरून जिल्ह्याकडे, तेथून प्रकल्पाकडे व अखेरीस बीटपर्यंत उतरते. प्रत्येक टप्प्यावर त्यातील उदाहरणे गळतात आणि व्याख्या तेवढ्या उरतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानात हा साचा काहीसा मोडला. त्यातील २१ घटकांचे प्रशिक्षण थोडेथोडे, मासिक बैठकांतून आणि कामाला लागून देण्याची कल्पना होती. पद्धत म्हणून ती निश्चितच सरस होती. तिचा आशय मात्र प्रामुख्याने पोषणाचा होता. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'पोषण भी पढाई भी' या उपक्रमाने पूर्वशालेय शिक्षणाला पुन्हा मध्यभागी आणले. २०२४ मध्ये तीन वर्षांखालील मुलांसाठी 'नवचेतना' आणि तीन ते सहा वयोगटासाठी 'आधारशिला' हे आराखडेही आले. आशय समृद्ध झाला, पण त्याच्या पहिल्या फेरीत सेविकेच्या वाट्याला आले ते तीन दिवसांचे प्रशिक्षण. म्हणजे जेथे पद्धत चांगली होती तेथे बालविकास कमी होता आणि जेथे बालविकास आला तेथे जुनी पद्धत परतली.

धोरणातील तरतुदीचे वाचन

२०२० च्या धोरणाने बारावी वा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुचविला आहे. सेविकेला मान्यताप्राप्त अर्हता मिळावी, हा विचार स्वागतार्ह आहे. तरीही या परिच्छेदातील तीन गोष्टी चिकित्सेस पात्र ठरतात.

पहिली गोष्ट आशयाची. मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो, या विधानावर धोरण आपली मांडणी उभी करते. म्हणजे आधार बालविकासाचा आहे. पदविकेचा आशय सांगताना मात्र प्रारंभिक साक्षरता आणि अंकज्ञान यांचा नावानिशी उल्लेख होतो आणि बालविकास 'अन्य संबंधित बाबीं'मध्ये जातो. यातील धोका एका साध्या प्रयोगाने स्पष्ट होईल. पाच-पाच खड्यांच्या दोन सारख्या ओळी मांडाव्यात आणि मुलाच्या डोळ्यांदेखत एक ओळ लांबवावी. चार-पाच वर्षांची बरीच मुले लांब ओळीत खडे जास्त आहेत असे सांगतात, त्यांतील काहींना शंभरपर्यंत अंक पाठ असले तरीही. पियाजेने दाखविलेली ही गोष्ट जिने स्वतः पाहिली, ती सेविका घोकंपट्टीला अंकज्ञान म्हणणार नाही आणि पालकांनाही ते समजावून सांगू शकेल. जिने ती पाहिली नाही, तिच्या हाती पाढेच उरतात.

दुसरी गोष्ट पद्धतीची. हे शिक्षण दूरस्थ माध्यमातून, दूरचित्रवाणी वाहिन्या आणि स्मार्टफोन यांद्वारे व्हावे, जेणेकरून चालू कामात कमीत कमी व्यत्यय येईल, असे धोरण म्हणते. हेतू सहानुभूतीचा आहे; गृहीतक मात्र तपासले पाहिजे. येथे सेविकेचे काम हा शिक्षणातील अडथळा मानला आहे. वस्तुतः रोज सकाळी तिच्यासमोर बसणारी मुले हाच बालविकासाचा सर्वोत्तम ग्रंथ होय.

तिसरी गोष्ट मार्गदर्शनाची. महिन्यातून किमान एक संपर्क वर्ग घ्यावा, असे धोरण सांगते. पण त्याचा उद्देश निरंतर मूल्यमापन हा दिला आहे. शिवाय मार्गदर्शनाची जबाबदारी शालेय शिक्षण विभागाच्या समूह साधन केंद्रांवर आहे. त्यांचा अनुभव मुख्यतः इयत्तांचा आणि पाठ्यपुस्तकांचा आहे. सहा वर्षांखालील मुलाची वेगळी ओळख तेथे गृहीत धरता येत नाही.

एक अनुभव

एका प्रकल्पस्तरीय प्रशिक्षणात प्रस्तुत लेखिका साधनव्यक्ती म्हणून गेली होती. भाषाविकासाच्या टप्प्यांवर तासभर व्याख्यान झाल्यावर एक सेविका उठून म्हणाली, "मॅडम, माझ्याकडे चार वर्षांची एक मुलगी आहे. तीन महिने झाले, अंगणवाडीत एक शब्द बोलत नाही. घरी तिच्या बोलीत खूप बोलते. मी रकान्यात काय लिहू?" लेखिकेने उत्तरादाखल कोणत्या वयात मूल सरासरी किती शब्द बोलते ते सांगितले. सेविकेने ते मुकाट्याने उतरून घेतले.

उत्तर चुकीचे नव्हते, पण निरुपयोगी होते. विचारायला हवे होते ते वेगळेच. गाणे चालू असताना ती ओठ हलवते का? काय हवे ते खुणेने सांगते का? कोणाशेजारी बसते? तिच्या बोलीतला एखादा शब्द तुम्ही वापरून पाहिला का? या प्रश्नांची उत्तरे त्या सेविकेजवळ होती. तिला ती कोणी विचारली नव्हती, त्या दिवशी लेखिकेनेही नाही. त्या मुलीच्या नावापुढे 'मागे' असा शेरा पडला असेल, तर त्यात एम.फिल. झालेल्या साधनव्यक्तीचा वाटा आहे.

एक आक्षेप

सेविकेला निरीक्षणासाठी वेळ कोठे आहे, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. आहार, सर्वेक्षणे आणि पोषण ट्रॅकरवरील नोंदी यांत तिची सकाळ संपते. म्हणूनच निरीक्षण हे आणखी एक रजिस्टर होता कामा नये. महिन्याला एका मुलाविषयी एक प्रसंग आणि बीट बैठकीत त्यावर अर्धा तास चर्चा, एवढेही आरंभाला पुरेसे आहे.

आक्षेपाची दुसरी बाजू प्रतिष्ठेची आहे. सेविकेला वेतन नव्हे, मानधन मिळते. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना १९७२ चा उपदान कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. पण दीर्घ सेवेचे मोल मान्य होण्यासाठी न्यायालयापर्यंत जावे लागले, हेही त्यातून दिसले. आपल्या उजळणी वर्गाला श्रेणीचा आधार असतो. तिच्या शिक्षणालाही मानधनवाढीचा व पदोन्नतीचा तसा आधार मिळाला नाही, तर निरंतर शिक्षण हे निरंतर ओझे ठरेल.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, धोरणाची तरतूद टाकून देण्याजोगी नाही. तिचा मध्यबिंदू बदलण्याची गरज आहे. मासिक संपर्क वर्ग मूल्यमापनाऐवजी निरीक्षणांच्या चर्चेसाठी वापरावा, बालविकासाला आशयात नावानिशी स्थान द्यावे आणि अर्हतेला आर्थिक मान्यता जोडावी. यात गृहविज्ञान, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि मराठी या विभागांना करता येण्याजोगे बरेच आहे. मात्र तेथे व्याख्याता म्हणून न जाता श्रोता म्हणून जावे लागेल. कोसबाडच्या टेकडीवर ज्ञान अंगणातून वर चढले होते. आज ते वरून अंगणात उतरविण्याची घाई दिसते. ही दिशा तपासून पाहणे, हे आपल्या उजळणी वर्गांतून राहून गेलेले काम आहे.