ऑर्वेलच्या हातून सुटलेली क्रियापदं

जॉर्ज ऑर्वेलचा 'पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज' हा निबंध १९४६ सालचा. गावांवर बॉम्ब टाकायचे आणि त्याला 'पॅसिफिकेशन' म्हणायचं, ही लबाडी त्याने त्यात पकडली. दोष दिला तो लॅटिन वळणाच्या लांबलचक शब्दांना. त्याचा एक नियम असा, की लहान शब्दाने भागत असेल तिथे मोठा वापरू नये. निदान पटतं, उपाय मात्र मला अर्धाच वाटतो. इंग्रजीतली सर्वांत सराईत सारवासारव लहान, घरगुती शब्दच करतात.

'लेट गो' घ्या. अर्थ नोकरीवरून काढणं. पण डोळ्यांपुढे येतं ते धरलेला हात सोडल्याचं चित्र, जणू त्या माणसालाच जायचं होतं. 'पुट डाउन' तर बाळाला निजवताना चालतं, बंड चिरडताना चालतं, चारचौघांत पाणउतारा करताना चालतं आणि आजारी कुत्र्याला इंजेक्शन देऊन मारतानाही. 'टेक आउट' म्हणजे कुणाला जेवायला बाहेर नेणं. लष्करी बोलीत ठार करणं. या क्रियापदांचा अर्थ सुट्या शब्दांच्या बेरजेतून निघत नाही, त्यामुळे सुटे शब्द निर्दोषच राहतात. 'पॅसिफिकेशन'ला निदान सरकारी वास तरी येतो. (नियम पाळूनही वाईट इंग्रजी लिहिता येतं, हे ऑर्वेलनेच मान्य केलंय. पण त्याचा संशय या शब्दांकडे वळत नाही.)

आपल्याकडे 'नारळ दिला' म्हणतात. तेही आडवळणच, पण त्यात कुत्सित हसू आहे. कंपनीच्या पत्रात ते कुणी लिहिणार नाही. म्हणून 'लेट गो'च्या जागी नारळ ठेवणारा अनुवादक घटना बरोबर सांगतो आणि बोलणाऱ्याचा साळसूदपणा घालवून बसतो. 'कामावरून कमी केलं' हे त्यातल्या त्यात जवळचं. मात्र तिथे माणूस आकड्यासारखा वजा होतो, इंग्रजीतली ती खोटी माया उरत नाही.

'टेक आउट'साठी फार शोधावं लागत नाही. आपल्या बातम्यांत माणसं 'टिपली' जातात, पाखरांनी दाणे टिपावेत किंवा कॅमेऱ्याने क्षण टिपावा तशी. आणि मथळ्यात 'कंठस्नान' वाचताना त्यातलं स्नान कशाचं, हे सकाळच्या चहाबरोबर कुणाच्या मनातही येत नाही.