हुद्दा, हृदय आणि आपण
(पुस्तक परीक्षण : 'द स्टेटस सिंड्रोम', लेखक : मायकेल मार्मट, २००४)

मंडळी, आपल्याकडे तब्येतीचा विषय निघाला की गाडी ठरलेल्या स्टेशनांवरून जाते. कोलेस्टेरॉल किती, शुगर किती, रोज चालता का, प्राणायाम करता का, आणि शेवटचं स्टेशन म्हणजे "तुमचा इन्शुरन्स कुठला?" मायकेल मार्मट यांचं 'द स्टेटस सिंड्रोम' ही गाडी वेगळ्याच रुळांवर नेतं. लेखक डॉक्टर आहेत, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक आहेत. पुढे २००५ ते २००८ या काळात जागतिक आरोग्य संघटनेने याच विषयावर नेमलेल्या आयोगाचे ते अध्यक्ष होते. म्हणजे लिहिणारा माणूस हवेत बोलणारा नाही.

पुस्तकात एक मेट्रोचा प्रवास आहे, तो आपल्या भागातल्या मंडळींच्या चांगलाच ओळखीचा आहे. वॉशिंग्टनच्या आग्नेय भागातून निघून मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीकडे जाताना दर मैलामागे सरासरी आयुर्मान सुमारे दीड वर्षाने वाढत जातं, असं मार्मट सांगतात. एका टोकाचे गरीब कृष्णवर्णीय आणि दुसऱ्या टोकाचे श्रीमंत गोरे यांच्यात तब्बल २० वर्षांचं अंतर! आकडे त्या काळचे आहेत, पण आपल्यातले बरेचजण कुठल्या टोकाला घर घेतात हे वेगळं सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, गरिबी वाईट हे सांगायला लंडनचा प्रोफेसर कशाला हवा? पुस्तकाची खरी मेख इथेच आहे. व्हाइटहॉल म्हणजे ब्रिटिश सरकारचं मंत्रालय. तिथल्या सुमारे १८,००० पुरुष कर्मचाऱ्यांची पाहणी १९६७ साली सुरू झाली. सगळे नोकरदार, पगार नियमित, उपाशी कुणी नाही. सरकारी आरोग्यसेवा १९४८ पासून सर्वांना सारखीच. तरीही पुढच्या दहा वर्षांत सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपायांमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तिप्पट निघालं. त्याहून आश्चर्य म्हणजे ही दरी फक्त साहेब आणि शिपाई यांच्यात नव्हती. दुसऱ्या पायरीवरचा, चांगला सुखवस्तू माणूससुद्धा पहिल्या पायरीवरच्यापेक्षा लवकर जात होता. जिन्याच्या प्रत्येक पायरीला फरक! धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल ही सगळी नेहमीची कारणं जमेस धरली तरी हृदयविकारातल्या या फरकाचा एक तृतीयांशही उलगडा होत नव्हता.

मग उरलेलं काय? मार्मट यांचं उत्तर दोन शब्दांत आहे : स्वतःच्या आयुष्यावरचा ताबा आणि समाजातला सहभाग. १९८५ पासून दुसरी पाहणी झाली, त्यात १०,३०८ स्त्री-पुरुष होते. आपल्या कामात ज्यांना काहीच बोलण्याची मुभा नव्हती, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. हे वाचून आमच्या आयटीतल्या कुणालाही हसू येईल. डेडलाइन एकाने ठरवायची, काम दुसऱ्याने वाढवायचं आणि रात्री दोनला सिस्टिम बंद पडली की उठायचं तिसऱ्याने. पण निदान आमच्या हातात नवी नोकरी शोधण्याचा मार्ग असतो. आमचं ऑफिस रात्री झाडणाऱ्या माणसाच्या हातात तोही फारसा नसतो.

सहभागाबद्दलचा पुरावा आपल्या मंडळांनी तर जरूर वाचावा. मार्मट यांनी तरुणपणी बर्कले इथे कॅलिफोर्नियातल्या जपानी स्थलांतरितांचा अभ्यास केला. जपानमध्ये हृदयविकार कमी, अमेरिकेत आलेल्या जपान्यांत जास्त. मात्र ज्यांनी आपला समाज आणि आपल्या चालीरीती धरून ठेवल्या होत्या, त्यांच्यात हृदयविकार बराच कमी राहिला, आणि तो फरक नुसत्या खाण्यापिण्याने किंवा सिगारेटने स्पष्ट होत नव्हता. गणपतीच्या आरतीने कोलेस्टेरॉल उतरतं असा याचा अर्थ कुणी काढू नये! पण हाक मारली तर धावून येणारी माणसं असणं ही नुसती करमणूक नव्हे, एवढं नक्की.

या दोन कसोट्या आपल्या घरांना लावून बघा. सांगलीला ज्या आईंच्या शब्दाशिवाय घरात पान हलत नाही, त्या इथे सहा महिन्यांसाठी येतात. गाडी चालवता येत नाही, दुकान चालत जाण्याइतकं जवळ नाही, शेजारणीशी बोलायला भाषेची अडचण, नातवंडं इंग्रजीत उत्तर देतात. आपण त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स काढतो, गोळ्या मोजून देतो आणि निर्धास्त होतो. ताबा आणि सहभाग या दोन्ही गोष्टी मात्र विमानतळावरच त्यांच्या हातून सुटलेल्या असतात. हीच गत एच-४ व्हिसावर आलेल्या कित्येक सुशिक्षित मुलींची. पदव्या सुटकेसमध्ये आणि काम करायची परवानगी नाही. २०१५ पासून त्यातल्या काहीजणींना ती मिळू लागली, तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्याला पोचल्यावर. डॉक्टरकडे नेलं तर रिपोर्ट नॉर्मल येतो. मार्मट वाचल्यावर त्या नॉर्मल रिपोर्टने माझं तरी समाधान होत नाही.

इतकं कौतुक केल्यावर तक्रारीही मांडायला हव्यात.

पहिली तक्रार पुराव्याची. ऑस्कर जिंकलेले नट नुसतं नामांकन मिळालेल्यांपेक्षा चार वर्षं जास्त जगतात, हा २००१ सालचा निष्कर्ष पुस्तकात मोठ्या थाटात येतो. किस्सा झकास आहे, पण २००६ साली इतर संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा तो फरक खात्रीलायक उरला नाही. कारण साधं आहे : ऑस्कर घ्यायला आधी तितकी वर्षं जगावं लागतं! रोज डेटाशी झटणाऱ्याला ही गोम चटकन पटते. व्हाइटहॉलसारखा भक्कम पाया असताना असल्या झगमगाटाची गरज नव्हती.

दुसरी तक्रार, हे उत्तर आपल्याला अर्धंच लागू पडतं. आपल्यातल्या मोठ्या हुद्द्यावरच्या माणसांनाही ऐन चाळिशी-पन्नाशीत हृदयविकार गाठतो. लंडनमधल्या दक्षिण आशियाई लोकांत पोटाभोवतीची चरबी आणि इन्सुलिनला न जुमानणारं शरीर जास्त आढळतं, हे १९९१ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडणाऱ्यांत स्वतः मार्मटही होते. तेव्हा पुस्तक वाचून कुणी चालणं बंद करू नये.

तिसरी तक्रार सर्वांत महत्त्वाची. जिथे मुळात अन्न, पाणी आणि औषधाचीच वानवा आहे, तिथे हुद्द्याची भाषा तोकडी पडते. आपल्या गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, औषध कधी द्यायचं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. आधी औषध दारापर्यंत पोचलं, म्हणून बाळ जगलं. पण ते पोचवणारा हात शहरातल्या डॉक्टरचा नव्हता, गावातल्या बाईचा होता. मार्मट यांचा 'ताबा' हा शब्द मला व्हाइटहॉलपेक्षा इथे जास्त नीट समजला.

शेवटची कुरबुर नावाबद्दल. 'स्टेटस' म्हटलं की वाचक पहिल्यांदा स्वतःची पायरी मोजायला बसतो. शेजाऱ्याचं घर मोठं, मित्र डायरेक्टर झाला, आता माझं आयुष्य किती? पुस्तकाचा रोख तो नाही. प्रत्येकाला वरची पायरी मिळणं शक्यच नाही, पण पायऱ्यांमधलं अंतर कमी करता येतं, हे त्यांचं म्हणणं आहे.

आपल्या मंडळांत दरवर्षी हृदयविकारावर एखाद्या डॉक्टरांचं भाषण होतं. तसं ते व्हावंच. त्याच्या जोडीला या पुस्तकावर एक संध्याकाळ ठेवावी, आलेल्या आजी-आजोबांना त्यांच्या सोयीच्या वेळी ने-आण करायला गाड्यांची यादी करावी, आणि ज्यांची मोटेल, दुकानं, कंपन्या आहेत त्यांनी हाताखालच्या माणसांच्या पाळ्या त्यांना विचारून लावता येतील का ते बघावं. पुण्यातल्या घरी आईबाबांकडे येणाऱ्या कामवाल्या मावशी आजारी पडल्या तर त्या दिवसांचे पैसे कापले जातात का, हे आज फोनवर विचारता येईल. त्याला प्रोफेसर लागत नाही, इन्शुरन्सही लागत नाही.