वयोमर्यादेबाहेरची नर्तकी

सरकारी नोकरीतली आमची बरीच वर्षे इतरांच्या जन्मतारखा तपासण्यात गेली. अर्जदाराचे वय नियमापेक्षा चार महिन्यांनी जास्त भरले, की तो कितीही गुणी असो, त्याचा कागद पुढे सरकत नसे. आणि तो परत पाठवताना आम्हांस कधी वाईट वाटले असेल तर ते टिपणीत लिहिण्याची सोय नव्हती. झेल्डा फिट्झजेराल्ड हिची ‘सेव्ह मी द वॉल्ट्झ’ ही १९३२ सालची इंग्रजी कादंबरी आम्ही वाङ्मय म्हणून हाती घेतली खरी, पण वाचता वाचता तिच्यात आम्हांस तसाच एक परत पाठवलेला अर्ज दिसू लागला.

झेल्डा हे नाव आपल्याकडे ऐकले जाते ते ‘द ग्रेट गॅट्सबी’कार स्कॉट फिट्झजेराल्ड यांची पत्नी म्हणून. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी गावी १९०० साली एका न्यायाधीशाच्या घरी तिचा जन्म झाला. लहानपणी ती थोडे नृत्य शिकली होती, पण ते मागे पडले. विवाह झाला, एक कन्या झाली, पतीच्या कीर्तीबरोबर युरोपातील मेजवान्या झाल्या. आणि १९२७ साली, वयाच्या २७व्या वर्षी, तिने फिलाडेल्फियात कॅथरीन लिटलफील्ड यांच्याकडे बॅले शिकण्यास पुन्हा आरंभ केला. पुढे पॅरिसमध्ये ल्युबोव्ह एगोरोव्हा यांच्या हाताखाली तिने स्वतःला या कामात इतके जुंपून घेतले, की १९३०च्या एप्रिलमध्ये तिचे मन आणि शरीर दोन्ही कोसळले. त्यानंतरचे आयुष्य बहुतांशी रुग्णालयांच्या आश्रयाने गेले. प्रस्तुत कादंबरी तिने १९३२च्या आरंभी बाल्टिमोरच्या एका मनोरुग्णालयात काही आठवड्यांत लिहून काढली.

पतीला न दाखवता तिने हस्तलिखित प्रकाशनसंस्थेचे संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांच्याकडे धाडले. आपण ज्या सामग्रीवर स्वतःची कादंबरी रचत आहोत तीच पत्नीने वापरली, म्हणून स्कॉट भयंकर संतापले. त्यांच्या आग्रहाने फेरफार झाले. नायिकेच्या पतीला तिने स्कॉट यांच्याच पहिल्या कादंबरीच्या नायकाचे नाव दिले होते, तेही बदलावे लागले. पुस्तकाच्या १४०० प्रतीही खपल्या नाहीत. पुढे १९६७ साली ते पुन्हा छापले गेले आणि १९७०मध्ये नॅन्सी मिल्फर्ड यांचे झेल्डा-चरित्र आल्यावर त्याकडे लोकांचे लक्ष वळले. पण बहुतेकांनी ते वाचले ते एका मोडलेल्या संसाराचा आणि विस्कटलेल्या मनाचा पुरावा म्हणून. कादंबरीतील नृत्य हे जणू आजाराचे एक लक्षण! आमचा मतभेद नेमका येथे आहे.

कथानक थोडक्यात असे. अलाबामा बेग्ज ही न्यायाधीशाची धाकटी मुलगी डेव्हिड नाइट या चित्रकाराशी लग्न करते, फ्रान्सला जाते. एका फ्रेंच वैमानिकात गुंतते आणि त्यातून रिकाम्या हातांनी परतते. पतीचे मन दुसरीकडे वळल्याचे पाहते आणि पॅरिसमध्ये एका निर्वासित रशियन बाईंकडे बॅले शिकू लागते. या बाईंना कादंबरीत नुसते ‘मादाम’ म्हटले आहे. पुढे तिला नेपल्सच्या रंगभूमीवर काम मिळते.

पहिले दोन भाग वाचताना आमची दमछाक झाली हे कबूल केले पाहिजे. एका उपमेवर दुसरी, दुसरीवर तिसरी. फुलांच्या वर्णनात माणसे हरवतात आणि संवाद हवेत तरंगत राहतात. एखाद्या घरात पाहुण्यांच्या गर्दीत यजमानच सापडू नये तसे होते. परंतु अलाबामा नृत्यशाळेत पाऊल ठेवते आणि भाषाच बदलते. आता वाक्यांना वजन येते, कारण त्यांत घाम आहे, ताणलेले स्नायू आहेत, सोललेल्या टाचा आहेत. पाय बाहेरच्या बाजूस वळलेले राहावेत म्हणून रात्री लोखंडी पलंगाच्या गजांत पावले अडकवून झोपणारी ही स्त्री वाचकास प्रथमच खरी वाटू लागते.

त्या गजांचे कारण समजल्याखेरीज कादंबरीतली कासाविशी कळणार नाही. बॅलेची पहिली अट म्हणजे पाय मांडीच्या सांध्यापासून बाहेर वळलेला असणे. गुडघा किंवा घोटा पिळून हे वळण आणता येत नाही. बळे आणले तर गुडघाच दुखावतो. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या खोबणीत किती फिरतो यावर सारे अवलंबून असते. कोवळ्या वयात ही घडण थोडीफार वळवता येते. हाडे पक्की झाली की निसर्गाने जेवढे दिले तेवढ्यावर भागवावे लागते. म्हणून तर रशियातील मोठ्या शाळा मुले दहाव्या वर्षाच्या सुमारास घेत आल्या. रुडॉल्फ नुरेयेव १९५५ साली लेनिनग्राडच्या शाळेत दाखल झाला तेव्हा १७ वर्षांचा होता आणि तेवढाही उशीर फार मानला गेला. मग अलाबामाची गत काय वर्णावी?

मात्र शरीरात वळण्यासारखे इतर पुष्कळ असते. घोट्याचे बळ, तोल, पाठीची ठेवण, सुरावटीबरोबर श्वास सोडण्याची जाण हे सारे प्रौढ वयातही मिळवता येते, आणि मिळते ते रोज भिंतीलगतचा लाकडी दांडा धरून केलेल्या त्याच त्या हालचालींतून. या दांड्याला बॅलेत ‘बार’ म्हणतात. गुडघे वाकवा, सरळ करा; पाऊल पुढे सरकवा, मागे घ्या. पट्टीची नर्तकीही रोज आरंभ येथूनच करते. अलाबामाला हे पुन्हापुन्हा करणे आवडू लागते, आणि कादंबरीतली सर्वांत मोलाची गोष्ट आमच्या मते हीच आहे. तोवरच्या आयुष्यात तिला सगळे आयते मिळालेले असते: रूप, पती, पतीची कीर्ती, लोकांच्या नजरा. मादामच्या वर्गात तिच्या रूपाला कोणी विचारत नाही. जो स्नायू काल हलत नव्हता तो आज किंचित हलला, एवढीच मिळकत; पण ती तिची स्वतःची असते. लहान मूल नाचते ते आईने आणून सोडले म्हणून. २७व्या वर्षी कोणी आणून सोडत नाही. उलट घरचे सर्वजण परत न्यायला उभे असतात.

शेवट मात्र आम्हांस पटला नाही. नेपल्समध्ये नाचत असताना अलाबामाच्या पायाला फोड येतो, बुटाच्या टोकातील सरस त्यात भिनतो आणि रक्त दूषित होते. शस्त्रक्रियेत पायाच्या शिरा कापाव्या लागतात. नृत्य कायमचे संपते. वडिलांच्या मृत्युसमयी ती माहेरी परतते. बॅलेच्या बुटाचे टोक कापडाच्या थरांवर सरस थापून कडक केलेले असते हे खरे, आणि असा अपघात अशक्य नाही. परंतु लेखिकेने तो योजला आहे तो एका अवघड प्रश्नापासून सुटका करून घेण्यासाठी. पाय शाबूत राहिला असता तर अलाबामा किती मोठी नर्तकी झाली असती? हा प्रश्न दूषित रक्ताने पुसून टाकला.

प्रत्यक्षात या प्रश्नाला उत्तर मिळाले होते. १९२९च्या सप्टेंबरात नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहाकडून झेल्डाला खरोखरच बोलावणे आले होते. ‘आयडा’ या संगीतिकेत एकल नृत्य देऊ केले होते. ती गेली नाही. पुढच्या वर्षी ती रुग्णालयात असताना स्कॉट यांनी एगोरोव्हाबाईंना पत्र लिहून तिच्या योग्यतेविषयी विचारले. बाईंचे उत्तर आले, की फार उशिरा आरंभ केल्यामुळे पहिल्या प्रतीची नर्तकी ती होणार नाही. पण चांगली नर्तकी ती होऊ शकेल, आणि मोठ्या नृत्यमंडळीत महत्त्वाच्या भूमिका यशस्वीपणे करू शकेल. सेंट पीटर्सबर्गच्या राजरंगभूमीवर नाचलेल्या, मोठमोठ्यांना जवळून पाहिलेल्या बाईंचे हे मत होते. आमच्या खात्यात असा शेरा एखाद्याच्या गोपनीय अहवालावर पडता तर त्याने पेढे वाटले असते.

येथे पेढे वाटले गेले नाहीत. पहिल्या प्रतीची नाही एवढेच सर्वांनी वाचले, आणि पुढचे वाक्य वाऱ्यावर गेले. झेल्डाने नाच थांबवावा यासाठीच ते पत्र कामी आले. वाईट याचे वाटते, की कादंबरी लिहिताना तिनेही त्यांचीच मोजपट्टी उचलली. सान कार्लोचे बोलावणे तिने अलाबामाला स्वीकारायला लावले, आणि मग तिचा पायच काढून घेतला. ‘चांगली’ नर्तकी म्हणून जगणाऱ्या स्त्रीची कथा कशी लिहावी, हे ना लेखिकेला सुचले, ना त्या काळच्या वाचकांना ती हवी होती. एकतर शिखर, नाहीतर सर्वनाश. मधल्या उतारावर किती माणसे सुखाने राहतात!

झेल्डा पॅरिसमध्ये कष्ट करीत होती त्याच सुमारास रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीही वयाच्या पंचविशीत, अ‍ॅना पाव्हलोव्हा यांच्या मंडळीतील क्लिओ नॉर्डी यांच्याकडे बॅलेचे धडे घेतले. आपल्या देशीच्या नृत्याकडे वळण्याचा सल्ला त्यांना पाव्हलोव्हांनी दिला. पुढे तिशीच्या आसपास त्या दाक्षिणात्य नृत्य शिकू लागल्या आणि १९३५ साली अड्यारला त्यांनी पहिला कार्यक्रम केला. दोघींची तुलना करण्याचा मोह आम्ही आवरतो. एकीला आधार देणारा पती आणि संस्था होती, दुसरीला यांपैकी काही नव्हते.

निवृत्तीनंतर आम्ही संवादिनी शिकायला बसलो तेव्हा वर्गात आमच्या शेजारी सहावीतला मुलगा असे. शिक्षक आमच्या मुलाच्या वयाचे. तिसऱ्या महिन्यात ते हसून म्हणाले, “काका, बोटे आता फार वळायची नाहीत; पण कान तयार होईल.” त्या दिवशी थोडे लागले. वर्षभराने एका मैफलीत संवादिनीवाला गायकाच्या किती मागे राहतो, कोठे मुद्दाम गप्प बसतो, हे आम्हांस पहिल्यांदा ऐकू आले. चाळीस वर्षे मैफली ऐकून ते आले नव्हते.

बॅलेचेही तसेच झाले. रंगमंचावर तो पाहण्याचा योग आम्हांस आला नाही, पण ‘स्वान लेक’चे चित्रण पूर्वी पाहिले होते; लक्षात राहिली ती फक्त राजहंसिणीची राणी. कादंबरी संपवून पुन्हा पाहिले तेव्हा नजर मागच्या रांगेवर गेली. राणी आणि राजपुत्र नाचत असताना त्या मुली कितीतरी वेळ एका पायावर भार देऊन, मान कलती ठेवून, न हलता उभ्या असतात. ते उभे राहणे हेही नृत्यच आहे आणि त्यात पोटऱ्यांत गोळे येतात, हे आम्ही अलाबामाकडून शिकलो होतो. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सने अलीकडे पंचावन्न वर्षांपुढील मंडळींसाठी बॅलेचे वर्ग काढले आहेत. तेथे जाणाऱ्या आजीबाई मागच्या रांगेकडे कशा पाहत असतील ते आम्ही समजू शकतो.

झेल्डाने नंतर चित्रे काढली. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे प्रदर्शनही भरले. त्यांत नर्तकी आहेत, पण नाजूक नाहीत: पाय सुजल्यासारखे मोठे, पोटऱ्या गाठाळलेल्या, पावले अंगाच्या मानाने अवजड. असे का काढलेस, असे कोणी विचारले तेव्हा ती म्हणाली, की नाचून झाल्यावर नर्तकीला आपले पाय असेच वाटतात.