दारापेक्षा मोठा मावळा

दिवाळीच्या किल्ल्यातला मावळा महादरवाजातून कधीच आत जाऊ शकत नाही. त्याचं पागोटं कमानीला अडतं. तटाशी उभा केला तर बुरूज त्याच्या कमरेला लागतो, आणि तळ्यावर पाणी प्यायला आलेला वाघ त्याच्याहून जेमतेम बोटभर कमी असतो. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चाललंय आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलेलं नाही. कारण ही मापं डोळ्यासाठी नव्हे, हातासाठी ठरलेली असतात. मावळा चिमटीत धरता यायला हवा, या बुरुजावरून उचलून त्या माचीवर ठेवता यायला हवा. दरवाजातून तो जातच नाही. तो वरून येतो, पोराच्या हातातून. किल्ला बघायला पाहुणे येतात ते नंतर. आधी तो खेळण्यासाठी केलेला असतो.

धाराशिवात आमच्या गल्लीतल्या पाच-सहा पोरांनी एका स्लॅबवर मांडलेला डाव मी पाहिला, तेव्हापासून ही गोष्ट मनात घोळते आहे. एका टोकाला मातीचा नळदुर्ग, दुसऱ्या टोकाला प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा खांदेरीचा जलदुर्ग, मध्ये पसरलेली निळी ताडपत्री म्हणजे समुद्र आणि त्यावर ठोकळ्यांचीच जहाजं. प्रत्येकाचा एकेक बाहुला. त्या बाहुल्याच्या तोंडून बोलायचं, त्याच्या अकलेनं वागायचं, आपल्या पाळीला आपण काय करतो ते सांगायचं आणि दुसऱ्यांनी त्याला उत्तर द्यायचं. रोज संध्याकाळी डाव सुरू व्हायच्या आधी, आदल्या दिवशी जे घडलं त्याप्रमाणे मांडणी बदलायची. जळालेलं गलबत उलटं करून ठेवायचं, जिंकलेल्या बुरुजावरचं निशाण बदलायचं. असं रचत रचत गोष्ट पुढं सरकते. कागदावर तिची एक ओळही नसते, तरी मला ती एक पुरती साहित्यकृती वाटली. म्हणून तिचं हे रसग्रहण.

मातीपासून सुरुवात करू. आमच्याकडची काळी माती तटाला चालत नाही. ओली असताना लोण्यासारखी लागते आणि वाळली की उलते. म्हणून पोरांनी खाली विटा-दगड रचून वर भिजवलेलं गोणपाट टाकलं, त्यावर मुरूम कालवलेल्या मातीचा गिलावा दिला आणि उतारावर अळीव पेरलं. तरीही एका बुरुजाशी माती उललीच. आत बोट जाईल एवढी भेग. धाकट्यांपैकी एक जण ती लिंपायला निघाला तर थोरल्यानं त्याला थांबवलं, ‘‘ऱ्हाऊ दे, तिथून कुणीतरी यील.’’ त्या एका वाक्यात या सगळ्या कलेचं मर्म आहे, असं मला वाटतं. एकट्याच्या हौसेसाठी केलेल्या प्रतिकृतीत भेग म्हणजे दोष. सगळ्यांनी मिळून खेळायच्या देखाव्यात भेग म्हणजे दुसऱ्यासाठी सोडलेली जागा. तिसऱ्या दिवशी तिथून खरोखरच एक हेर आत आला, आणि पुढची सगळी गोष्ट त्या भेगेनं फिरवली.

नळदुर्गचा पाणीमहाल ज्यांनी पाहिला असेल, त्यांना पोरांनी हाच किल्ला का निवडला हे सांगायला नको. बोरी नदीवर मुख्य किल्ला आणि रणमंडळ हा जोडकिल्ला यांना जोडणारा दगडी बंधारा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात 1613 साली झालेला. पावसाळ्यात धरण भरलं की नर आणि मादी अशा दोन सांडव्यांतून पाणी कोसळतं. त्या बंधाऱ्याच्या पोटातच एक महाल आहे. जिन्यानं खाली उतरून तिथं बसावं, तर समोरून पाण्याचा पडदा खाली जातो आणि अंगावर थेंब येत नाही. धरण बांधणाऱ्याला पाणी अडवायचं होतं हे ठीक, पण पाणी पडताना ते मागून कसं दिसेल याचाही त्यानं विचार केला. एवढ्या अवजड कामात एवढी खेळकर कल्पना दख्खनेत दुसरीकडे मला दिसलेली नाही.

आता हा बंधारा बाहुल्यांच्या मापात करायचा तर काय होईल? लेगोचा बाहुला सुमारे 4 सेंटिमीटर उंच. माणूस साडेपाच फुटांचा धरला तर हे प्रमाण साधारण बेचाळीसाला एक पडतं. बंधारा 90 फुटांच्या आसपास उंच म्हणतात. म्हणजे या मापात तो 65 सेंटिमीटर व्हायला हवा. लेगोच्या एका ठोकळ्याची उंची 9.6 मिलिमीटर, तेव्हा अडुसष्ट थर रचावे लागतील. एवढे ठोकळे आमच्या अख्ख्या गल्लीत निघायचे नाहीत. पोरांनी बंधारा वीतभर केला आणि मोकळी झाली. पण त्या वीतभरात त्यांनी काय राखलं ते बघण्यासारखं आहे. दोन सांडवे राखले, एक रुंद आणि एक अरुंद. आणि आतली खोली राखली. नुसती राखली नाही, तर बंधाऱ्याच्या मानानं ती अवाच्या सवा मोठी केली, कारण तिच्यात बाहुला बसवायला दोन बोटं आत जायला हवीत. पाण्यासाठी पतंगाच्या निळ्या कागदाच्या पट्ट्या सोडल्या. बाहुला आत बसला की पट्ट्यांमागून त्याच्या पटक्याचा लाल रंग तेवढा हलताना दिसतो.

याच्यावर त्यांनी जो नियम केला तो ऐकून मी थक्क झालो. ज्याचा बाहुला पाणीमहालात बसलाय, त्याचं बोलणं बाहेर कुणाला ऐकू जात नाही. आत दोघे बसले तर त्या दोन पोरांनी एकमेकांच्या कानात बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं नाही, आणि कानावर पडलं तरी आपल्या बाहुल्याला ते माहीत नाही असं वागायचं. धबधब्याच्या आवाजात शब्द बुडतात, हे पावसाळ्यात नळदुर्गला गेलेल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. पण ती ठाऊक गोष्ट खेळाचा कायदा झाली. मसलतीची खोली पाण्यानं तयार केली! वास्तूचा गुण कथानकाच्या हाडात उतरणं म्हणतात ते हेच. मोठमोठ्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत किल्ला नुसता पडद्यासारखा मागं टांगलेला असतो; इथं तो पात्रांना वागायला लावत होता.

भूगोलाचा प्रश्न कुणी काढेल. खरी बोरी नळदुर्गहून पुढं भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी शेवटी पूर्वेकडं बंगालच्या उपसागरात जातं. पोरांची बोरी मात्र बंधाऱ्याखालून निघून थेट ताडपत्रीत शिरते आणि खांदेरीला वळसा घालते. त्यांना समुद्र हवा होता आणि आमच्या जिल्ह्यात तो नाही, म्हणून त्यांनी नदी वळवली. काळाचंही तसंच: इब्राहिमचा बंधारा आणि ताडपत्रीवरचं कान्होजी आंग्र्यांचं लढाऊ जहाज, गुराब, यांच्यात शंभर वर्षांचं अंतर आहे. मला ही दोन्ही स्वातंत्र्यं मान्य आहेत, कारण ती अडाणीपणातून आलेली नाहीत. जिथं नेमकेपणा हवा तिथं तो आहे.

गुराबेतच बघा. लेगोची चाच्यांची मालिका 1989 साली आली, आणि तिच्यातलं मोठं जहाज, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शिडांचं ‘ब्लॅक सीज बॅराकुडा’, जगभरच्या पोरांच्या डोळ्यांत भरलं. त्याच्या तोफा कुशीतून बाहेर येतात, युरोपी जहाजांसारख्या. पोरांची गुराब तशी नाही. तिची नाळ बुटकी आणि पुढं निमुळती होत गेलेली आहे, आणि दोन तोफा समोर तोंड करून लावलेल्या आहेत. आंग्र्यांच्या गुराबा अशाच होत्या. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं त्यांना ओढून न्यायची, आणि शत्रूच्या कुशीतल्या तोफांसमोर न जाता त्या पिछाडीनं भिडायच्या. ज्या पोरानं ती केली त्यानं दोन छोटी गलबतं काळ्या दोऱ्यानं गुराबेला बांधली होती. दोरा सुटा होता, ओढला की गुराब खरंच पुढं सरकायची. ठोकळ्यांच्या चौकोनी कडांमधून नाळेचा निमुळतेपणा काढायला त्यानं उतरते ठोकळे उलटे लावले होते. बोटानं चाचपलं तर खाली पायऱ्या लागायच्या, पण हातभर अंतरावरून पाहिलं तर धनुष्यातून सुटलेला बाण.

त्या 1989च्या मालिकेची आणखी एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे. 1978पासून लेगोच्या बाहुल्यांना एकच चेहरा होता: दोन टिंबं आणि एक हसू. चाचे आले तेव्हा पहिल्यांदा डोळ्यावरची पट्टी आली, मिशा-दाढ्या आल्या, आकड्याचा हात आणि लाकडी पाय आला. चेहरा आला म्हणजे स्वभाव आला. खेळाच्या दृष्टीनं हे मोठं पाऊल होतं. पण त्यानं एक गोष्ट गमावलीही. पट्टीवाला बाहुला डब्यातून निघतानाच लुटारू असतो. दुसरं काही होण्याची त्याला मुभा उरत नाही. आमचा मातीचा मावळा एका साच्यातून निघालेला, टोकदार मिशीचा. तो कुणीही होतो. या डावात एका मावळ्याला सलग दोन दिवस इंग्रज व्यापारी केलं होतं, आणि त्याची मिशी कुणालाही आड आली नाही.

आणि लुटारू कोण, हाच तर या डावाचा गाभा. इंग्रज आपल्या कागदांत कान्होजींना चाचा म्हणत राहिले. पण कान्होजी मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते; 1713 साली शाहू महाराजांच्या बाजूला आल्यावरही ते पद त्यांच्याकडंच राहिलं. त्यांच्या पाण्यातून जायचं तर त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा लागे, नाही तर जहाज धरलं जाई. इंग्रजांनी 1718 साली खांदेरीवर चाल केली ती फसली, 1721 साली पोर्तुगीजांना जोडीला घेऊन कुलाब्यावर आले तेही हात हलवत परतले. पोरांनी वहीच्या कागदाची दस्तकं केली होती आणि बाटलीचं टोपण शाईत बुडवून त्यांवर शिक्का उमटवला होता. ‘‘दस्तक दाव, न्हाय तर गलबत सोड,’’ असं सरखेल म्हणाला, तेव्हा व्यापारी झालेला पोरगा खरोखर चिडला. समुद्र कुणाच्या बापाचा आहे का, असं त्यानं विचारलं. तो प्रश्न इंग्रजांचाच होता, आणि पोरानं तो त्यांच्याहून सरळ विचारला. त्यावर सरखेलानं तोफ डागली नाही. दस्तकाचा भाव सांगितला. पुढची अर्धी संध्याकाळ नुसती घासाघीस चालली, आणि मला ती लढाईपेक्षा जास्त रंगलेली वाटली.

सगळंच जमलेलं नव्हतं. खांदेरी फार नीटनेटकी झाली होती. चारी बाजूंनी सारखा तट, चारी कोपऱ्यांना सारखे बुरूज, मध्ये एक झेंडा. होडी लावायला खडकात एक खाचही नाही. त्यामुळं तिथं काही घडेना. जहाजं तिच्याभोवती फिरायची आणि परत यायची. लेगोचा 1989चा ‘एल्डोराडो’ किल्ला इथं आठवावा. त्याच्या पायाला खड्डा आहे, वर चढणारी वाट आहे, मागची बाजू उघडी आहे. बाहुल्याला शिरायला, पडायला, कोंडून घालायला जागाच जागा. बाजारात मिळणारे प्लास्टरचे तयार किल्ले मला आवडत नाहीत ते याच कारणानं. ते सुबक असतात, पण त्यांना हात लावता येत नाही, मग पोरं त्यांच्यासमोर पणती लावून निघून जातात.

पुढच्या डावासाठी त्यांनी विषय शोधायला सुरुवात केली आहे. मी त्यांना तेर सुचवलं. ते तर घराजवळ आहे, आणि तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या मूर्ती आहेत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकावर्णनात याच तेरचं, म्हणजे तगरचं नाव येतं. तिथलं कापड गाड्यांतून भडोचला जायचं. भडोचहून पैठण वीस दिवसांवर, पैठणहून तगर आणखी दहा. आणि त्याच वर्णनात जरा पुढं, कोकणच्या बेटांपाशी चाच्यांपासून सांभाळा, असा इशाराही आहे. तीस दिवसांच्या वाटेच्या तीस चाली, एका टोकाला विणकर, दुसऱ्या टोकाला बंदर, आणि त्यापलीकडं टपून बसलेली जहाजं. गाड्यांना ठोकळ्यांच्या डब्यातली चाकं चालतील. बैल पोळ्याचे शिल्लक आहेत, दोन घरांत मिळून सात. एकाचं शिंग मोडलंय, पण त्यालाच पुढं जुंपायचं असं आतापासून ठरलंय.